सुरतेची न झालेली दिलजमाई

सुरत शहर मागे टाकून, तापी ओलांडून हजिऱ्याच्या रस्त्याला लागले की वाटेत इच्छापोर लागते. आज तेथे हिऱ्यांच्या कारखान्यांची वसाहत आहे, पलीकडे कवास-हजिऱ्याकडे मोठमोठ्या उद्योगांची धुराडी आहेत, आणि त्याहीपलीकडे सुवाळीचा तो किनारा आहे, जेथे १६१२ साली इंग्रज आणि पोर्तुगीज गलबतांची झुंज झाली व त्या झुंजीच्या निकालाने मोगल अंमलदारांच्या नजरेत इंग्रजांचे वजन वाढले. गावाच्या नावात इच्छा आहे. त्याची व्युत्पत्ती शास्त्र्यांनी कशी लावायची ती लावावी. मला मात्र त्या पाटीखालून जाताना दर वेळी हा विचार सुचतो की, मनातला माणूस मसनदीवर न बसता भलताच बसला म्हणजे माणसाच्या इच्छेचे पुढे काय होते, याची मराठी इतिहासातली दोन मोठी उदाहरणे नेमकी याच मुलखात, तापीच्या काठी घडावीत, हा योगायोग मोठा विलक्षण आहे. सुरत म्हटले की मराठी माणसाला शिवछत्रपतींची स्वारी आठवते, आणि ते साहजिकच आहे. परंतु त्या वैभवशाली लुटीच्या स्मरणाखाली ही दोन कमी सुखद स्मरणे दबून गेलेली आहेत.

त्या हकीकतींकडे वळण्यापूर्वी दोन शब्दांची थोडी विचारपूस केली पाहिजे, कारण आपल्या निवडणुकांची सारी भाषा जुन्या दफ्तरांतून उचललेली आहे. उमेदवार हा शब्द फारसी. उमेद म्हणजे आशा, ती बाळगणारा तो उमेदवार. जुन्या कचेऱ्यांत पगारावाचून, केवळ पुढेमागे जागा मिळेल या भरवशावर, कारकुनाच्या शेजारी मांडी घालून नकला करीत बसणाऱ्या तरुणास उमेदवार म्हणत, आणि अशी उमेदवारी करता करता कित्येकांचे केस पिकत. दुसरा शब्द कौल. नवीन मुलूख अमलाखाली आला, अथवा दंग्याधोप्यात उजाड झालेले गाव पुन्हा वसवायचे झाले, म्हणजे सरकार रयतेस लिहून देत असे की अमुक वर्षे अमुक इतकाच सारा घेतला जाईल, तुमच्या जिवास व वतनास तोशीस लागणार नाही, निर्धास्त यावे, हा कौलनामा. तो हाती पडला म्हणजे काल शत्रूला रसद पुरविणारा पाटील आज नव्या ठाणेदारास नजर घेऊन सामोरा येई, आणि त्यात कोणास लाज वाटत नसे. आज आपण म्हणतो की जनतेने कौल दिला. शब्द तोच राहिला, पण देणारा आणि घेणारा यांनी जागा बदलल्या. आणि या अदलाबदलीत एक गोष्ट आपण विसरून गेलो की विजेत्यानेही पराभूतांस काही कौल द्यावयाचा असतो, व तो मिळाल्याशिवाय दिलजमाई होत नाही.

पहिली हकीकत रघुनाथरावांची. नारायणरावांच्या वधानंतर पेशवेपदाची वस्त्रे मिळूनही बारभाई कारभाऱ्यांनी ज्यास पुण्यास पाय ठेवू दिला नाही, असा हा हताश उमेदवार हिंडत हिंडत सुरतेस आला आणि ६ मार्च १७७५ रोजी मुंबईकर इंग्रजांशी त्याने तह केला. साष्टी, वसई आणि भडोच-सुरतेच्या वसुलातील हिस्सा यांच्या बदल्यात इंग्रजांनी त्याला गादीवर बसवावे, असा तो सौदा होता. कलकत्त्याच्या वरिष्ठ मंडळाने तो नामंजूर केला व वर्षभरात पुरंदरास बारभाईंशी निराळाच तह केला. पुढे लढाया झाल्या, १७८२ साली सालबाईचा तह झाला, आणि रघुनाथराव कोपरगावी जाऊन १७८३ च्या अखेरीस वारले. ज्या नाना फडणविसांनी या माणसाच्या उमेदवारीविरुद्ध सारे आयुष्य वेचले, त्या नानांवरच सवाई माधवरावांच्या अकाली मृत्यूनंतर, दत्तकाचा बेत फसल्यावर, त्याच रघुनाथरावांच्या थोरल्या औरस मुलाशी, बाजीरावाशी, संधान बांधण्याची पाळी आली. परशुरामभाऊंनी मध्येच चिमाजीअप्पांना वस्त्रे देवविली, नानांना महाडास पळावे लागले, आणि शेवटी डिसेंबर १७९६ मध्ये नानांच्याच खटपटीने बाजीराव गादीवर आला. वर्षभरानंतर नाना शिंद्यांच्या कैदेत होते. याला कोणी दिलजमाई म्हणेल तर म्हणो. मी तरी याला हिशेब म्हणेन, आणि नानांसारख्या मुत्सद्द्याचा हिशेब चुकावा याचे कारण एवढेच की ज्यांना त्यांनी गादी मिळवून दिली त्यांच्याकडून त्यांना मनाचा कौल कधी मिळालाच नव्हता.

दुसरी हकीकत अधिक जवळची, आणि अधिक चटका लावणारी, कारण तीत दिलजमाई अगदी उंबरठ्यापर्यंत येऊन परत गेली.

१९०६ साली कलकत्त्यास काँग्रेसचे अधिवेशन भरावयाचे होते आणि राष्ट्रीय पक्षाच्या, म्हणजे ज्यांस विरोधक जहाल म्हणत त्या पक्षाच्या, मनातले नाव टिळकांचे होते. नेमस्त, म्हणजे मवाळ, पुढाऱ्यांनी ते टाळण्यासाठी ऐंशी वर्षे उलटलेल्या दादाभाई नवरोजींना विलायतेहून बोलावून घेतले. डाव म्हणून ही गोष्ट धूर्तपणाचीच होती. परंतु डावात वापरलेले मोहरे असे होते की दोन्ही पक्षांना त्याच्यापुढे मान तुकवावीशी वाटावी. टिळकांचे नाव मागे पडले, आणि दादाभाईंनी अध्यक्षपदावरून स्वराज्य हा शब्द उच्चारला. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण या चतुःसूत्रीचे ठराव संमत झाले. ज्यांचा माणूस मागे राहिला होता ते जिंकल्यासारखे घरी गेले. उमेदवार आपला नसला तरी शब्द आपला निघाला, एवढ्यावर त्यांचे समाधान झाले, आणि ते समाधान खोटे नव्हते.

पुढच्या वर्षीचे अधिवेशन नागपुरास ठरले होते. तेथील स्वागत समितीत अध्यक्षाच्या निवडीवरून इतकी बाचाबाची झाली की नोव्हेंबर १९०७ मध्ये मुंबईस बैठक होऊन अधिवेशन सुरतेस हलविण्यात आले. सुरत हे नेमस्तांचे ठाणे, हा त्यातला एक हेतू; आणि ज्या इलाख्यात अधिवेशन भरते त्या इलाख्यातला अध्यक्ष करावयाचा नाही हा प्रघात असल्यामुळे टिळकांचे नाव आपोआपच बाद होत होते, हा दुसरा. सुरतेच्या स्वागत समितीने कलकत्त्याचे डॉ. रासबिहारी घोष यांची निवड केली. तेवढ्यात मे महिन्यात मंडालेस हद्दपार झालेले लाला लजपतराय सुटून आले आणि राष्ट्रीय पक्षाने तत्काळ त्यांचे नाव पुढे केले. सरकारने चौकशीवाचून देशाबाहेर टाकलेला मनुष्य राष्ट्रसभेने सर्वोच्च आसनावर बसवावा, याहून सरकारास चोख उत्तर कोणते असू शकेल, हा त्यांचा युक्तिवाद भावनेला जितका पटणारा होता तितकाच न्यायालाही धरून होता. लालाजींनी मात्र, आपल्या नावावरून फूट पडू नये म्हणून, ते पद घेण्यास नकार दिला. ज्याच्यासाठी भांडायचे तोच बाजूस झाला. पण त्याच्यासाठी तापलेली मने तो बाजूस झाला म्हणून निवत नसतात.

डिसेंबरच्या त्या थंडीत सुरतेस माणसांची रीघ लागली. मुंबईकडून येणाऱ्यांस जुना लोहमार्ग होताच. खानदेश-वऱ्हाडाकडून येणाऱ्यांना १९०० साली पुरी झालेली तापी खोऱ्याची रेल्वे अंमळनेर-नंदुरबारवरून थेट सुरतेस आणून सोडीत होती. प्रतिनिधींची संख्या सोळाशेंच्या घरात गेली. २४ तारखेस अरविंद घोषांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पक्षाची वेगळी परिषद भरली. त्या प्रसंगाचे छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल, टिळक उभे राहून बोलत आहेत आणि मेजाशी तरुण अरविंद गंभीर मुद्रेने बसले आहेत. सगळ्यांना धास्ती एकच होती की कलकत्त्याचे चार ठराव सुरतेस पातळ केले जाणार. ठरावांचा मसुदा गोखल्यांकडे होता, तो वेळेवर कोणाच्या हाती पडत नव्हता, आणि न पाहिलेल्या कागदावर माणूस आपल्या मनातली सगळी भीती लिहून घेतो.

आता २६ डिसेंबरची सकाळ. इतिहासाच्या पुस्तकांत ती क्वचितच वर्णिलेली असते, कारण तीत जोडा उडालेला नाही. त्या सकाळी टिळक, दादासाहेब खापर्डे, अरविंद आणि आदल्या रात्री आलेले अमृतबझार पत्रिकेचे संपादक मोतीलाल घोष, असे सगळे मिळून सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या बिऱ्हाडी गेले. सुरेंद्रनाथ हे अध्यक्षाच्या निवडीच्या ठरावास अनुमोदन देणार होते. राष्ट्रीय पक्षाच्या वतीने पुढे जे निवेदन प्रसिद्ध झाले त्यावरून कळते की टिळकांनी त्यांना सरळ सांगितले, आमचा विरोध मागे घेतो, अटी दोनच. एक, काँग्रेसची कलकत्त्यास ठरलेली भूमिका बदलणार नाही असे आश्वासन मिळावे. दुसरी, अध्यक्षाच्या निवडीवर बोलणाऱ्या एखाद्या वक्त्याने, लालाजी या आसनावर बसावेत अशी लोकांची इच्छा होती, असा सौजन्याचा उल्लेख आपल्या भाषणात करावा.

ही दुसरी अट मी जेव्हा प्रथम वाचली तेव्हा मला तिचे नवल वाटले. ज्यांना आपण जहाल म्हणतो, ज्यांच्या पोलादी बाण्याच्या आरत्या आपण ओवाळतो, त्यांनी एवढेच मागितले होते की आमचा माणूस बसला नाही हे आम्हांस मान्य. पण तो आमच्या मनात होता, हे चारचौघांत कोणीतरी बोलून दाखवा. हरलेल्यांची मागणी बहुधा अशीच असते, आणि ती फारशी महाग नसते. आजही एखाद्या गावच्या सरपंचकीच्या निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराच्या आळीला नव्या सरपंचाने पहिल्या सभेत दोन शब्द गोड बोलावे, एवढ्यावर निम्मा रुसवा जातो. तो तेवढे बोलत नाही, आणि मग पाच वर्षे पाण्याच्या नळावरून भांडणे चालतात.

सुरेंद्रनाथांनी ही दुसरी अट तिथल्या तिथे मान्य केली. आपणच बोलणार असल्याने तो उल्लेख आपण करू, असे ते म्हणाले. पहिलीविषयी त्यांनी स्वतःपुरता व बंगालपुरता हवाला दिला आणि बाकीसाठी गोखल्यांना किंवा स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांना भेटण्यास सुचविले. मालवींना आणण्यासाठी गाडी देऊन एक स्वयंसेवक पाठविण्यात आला. तो निरोप घेऊन आला की मालवी धर्मकृत्यांत गुंतले आहेत, त्यांना यावयास सवड नाही. अकरा वाजत आले होते, टिळक जेवणासाठी आपल्या तळावर परतले. देवपूजेस बसलेल्या माणसाला दोष देण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु त्या सकाळी देव थोडा वेळ थांबला असता तर राष्ट्राचे भले झाले असते, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

दुपारी अडीचच्या सुमारास मंडप भरला. स्वागताध्यक्षांचे भाषण झाले, दिवाणबहादुर अंबालाल साकरलाल देसाई यांनी डॉ. घोषांचे नाव सुचविले, आणि अनुमोदनासाठी सुरेंद्रनाथ उभे राहिले. हिंदुस्थानातील त्या काळच्या अग्रगण्य वक्त्यांपैकी हा एक, ज्याच्या आवाजाला मोठमोठे मैदान अपुरे पडे. ते तोंड उघडतात तोच ओरडा सुरू झाला. मिदनापुरास थोड्याच दिवसांपूर्वी झालेल्या परिषदेतील त्यांच्यावरचा रोष लोकांच्या मनात ताजा होता, आणि वऱ्हाड-नागपूर, मद्रास व बंगाल यांतील तरुण मंडळी आपल्या पुढाऱ्यांनी सकाळी काय ठरविले याची वाट पाहण्यास तयार नव्हती. सुरेंद्रनाथ मेजावर चढले, हात हलविले, घंटा वाजली, व्यर्थ. सभा दुसऱ्या दिवसावर ढकलावी लागली. म्हणजे ज्यांना सांत्वन म्हणून एक वाक्य ऐकावयाचे होते, त्यांच्याच आरडाओरडीत ते वाक्य बुडाले. लालाजींविषयीचा तो सौजन्याचा उल्लेख करण्याचे वचन सुरेंद्रनाथांनी दिले होते, आणि त्या दुपारी तो त्यांच्या ओठांवरच राहिला.

२७ तारखेची कथा सर्वश्रुत आहे म्हणून ती थोडक्यात सांगतो. टिळकांनी मालवींना आगाऊ चिठ्ठी पाठविली की अनुमोदनानंतर मला बोलावयाचे आहे, सभा तहकूब करून समेट घडविण्याची सूचना मांडावयाची आहे. चिठ्ठीस उत्तर आले नाही. सुरेंद्रनाथांनी आपले भाषण पुरे केले, मोतीलाल नेहरूंनी पुष्टी दिली, आणि टिळक व्यासपीठावर चढत असतानाच डॉ. घोषांची निवड जाहीर होऊन ते भाषणास उभेही राहिले. टिळक हाताची घडी घालून व्यासपीठावर उभे राहिले, हलेनात. विलायतेहून आलेले बातमीदार नेव्हिन्सन यांनी आपल्या पुस्तकात जे वर्णन केले आहे त्यात एक ओळ मराठी माणसाने विसरू नये अशी आहे: टिळकांवर धावून येणाऱ्यांना आवरण्यासाठी त्यांच्याभोवती हात टाकून उभे राहिले ते गोखले. तेवढ्यात लाल कातड्याचा, चढत्या चोचीचा एक दक्षिणी जोडा हवेतून आला, सुरेंद्रनाथांच्या गालास लागला आणि उसळून फेरोजशहा मेहतांवर पडला. तो कोणी कोणावर फेकला याचा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. नेमस्त म्हणत आमच्यावर, जहाल म्हणत टिळकांवर. मग खुर्च्या, लाठ्या, पोलीस. मंडप मोडला आणि काँग्रेसही. पुढे कित्येक वर्षांनी अरविंदांनी लिहून ठेवले की सभा मोडण्यास कारण झालेली आज्ञा आपण टिळकांना न विचारता दिली होती. मालवींना सवड नव्हती तशी अरविंदांना इच्छाही नव्हती, असाच याचा अर्थ.

या सगळ्या गदारोळात ज्या एका माणसाकडे कोणी धड पाहिलेच नाही, तो म्हणजे अध्यक्षपदाच्या खुर्चीत बसलेला वा बसवला गेलेला. डॉ. रासबिहारी घोष यांना नुकतीच बासष्ट वर्षे पुरी झाली होती. बरद्वान जिल्ह्यातले हे गृहस्थ कलकत्ता हायकोर्टातले नामांकित वकील. गहाणाच्या कायद्यावरील त्यांचा ग्रंथ वकिलांच्या कित्येक पिढ्यांनी अभ्यासला. राजकारणात ते अर्थातच नेमस्त होते, आणि न दिलेल्या त्यांच्या भाषणात राष्ट्रीय पक्षावर टीका आहे अशा तारा कलकत्त्याहून सुरतेस आल्याने आगीत तेल पडले, हेही खरे. परंतु दुसरीही एक गोष्ट तितकीच खरी आहे. १९०६ साली कलकत्त्यास जी राष्ट्रीय शिक्षण परिषद स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष हेच रासबिहारी घोष. आणि त्या परिषदेने चालविलेल्या बंगाल नॅशनल कॉलेजचे पहिले प्राचार्य हेच अरविंद घोष. राष्ट्रीय शिक्षण हा चतुःसूत्रीतला चौथा ठराव. तो पुसला जाईल या भीतीने ज्याच्या निवडीविरुद्ध मंडप उठला, तो त्याच राष्ट्रीय शिक्षणाच्या संस्थेचा धनी होता, आणि विरोधी परिषदेच्या अध्यक्षस्थानी बसलेला तरुण त्याच संस्थेच्या कॉलेजचा माजी प्राचार्य. एकाच घरातली दोन माणसे सुरतेस येऊन परस्परांच्या समोर उभी राहिली आणि मंडपातील हजारोंना ते घर आठवले नाही. उमेदवार एकदा प्रतिपक्षाचा म्हणून ठरला की त्याच्या अंगावरचे बाकीचे सारे रंग लोकांना दिसेनासे होतात.

दुसऱ्या दिवशी नेमस्तांनी पोलिसांच्या बंदोबस्तात त्याच मंडपात आपली निराळी सभा भरविली, पुढे काँग्रेसची घटना अशी बेतली की राष्ट्रीय पक्षास आत येता येऊ नये, आणि १९०८ च्या डिसेंबरात मद्रासेस रासबिहारींनी अखेर शांतपणे आपले अध्यक्षीय भाषण केले. ऐकणारे सगळे त्यांच्याच बाजूचे होते; ज्यांनी ते ऐकून मत बदलायचे, ते तेथे नव्हते, आणि त्यांचा पुढारी सहा वर्षांच्या शिक्षेवर मंडालेच्या तुरुंगात होता. लालाजी सुटून आले त्याच मंडालेस टिळक गेले.

रासबिहारींविषयीचा आदर पुढे वाढत गेला तो मात्र राजकारणाच्या वाटेने नव्हे. १९१३ साली त्यांनी कलकत्ता विद्यापीठास विज्ञान महाविद्यालयासाठी दहा लाख रुपये दिले, पुढे आणखीही दिले, आणि राष्ट्रीय शिक्षण परिषदेचे अध्यक्षपद अखेरपर्यंत सोडले नाही. त्याच परिषदेतून आजचे जादवपूर विद्यापीठ उभे राहिले. ज्या बंगाली तरुणांच्या वडीलभावांनी सुरतेस त्यांचे भाषण होऊ दिले नाही, ते तरुण त्यांच्या पैशावर रसायनशास्त्र शिकले. कौल देण्याची हीही एक तऱ्हा. फक्त ती सावकाश पोहोचते.

टिळक-गोखल्यांच्या पुण्यातली दिलजमाई याहून कष्टाची झाली. १९१४ साली टिळक मंडालेहून परतले. समेटाची बोलणी सुरू होऊन फिसकटली. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले गेले, तेव्हा सिंहगडावर असलेले टिळक त्यांच्या अंत्ययात्रेस खाली उतरून आले आणि स्मशानात त्यांनी आपल्या जन्मभराच्या प्रतिस्पर्ध्याचा गौरव केला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात फेरोजशहा गेले. १९१६ च्या डिसेंबरात लखनौस अंबिकाचरण मुजुमदार यांच्या अध्यक्षतेखाली दोन्ही पक्ष पुन्हा एका मंडपात बसले. अध्यक्ष कोण, यावरून या खेपेस कोणी घसा फोडला नाही. नऊ वर्षांत इतकी माणसे गेली होती आणि इतक्या गोष्टी बदलल्या होत्या, की खुर्चीत कोण बसतो याला पूर्वीची धार उरली नव्हती.

१९०७ साली ज्यांच्या नावासाठी एक सौजन्याचे वाक्य मागितले गेले होते ते लाला लजपतराय काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते सप्टेंबर १९२० मध्ये, कलकत्त्याच्या खास अधिवेशनात. त्यांचे नाव सुरतेस पुढे करणारे टिळक त्याआधी महिनाभर, १ ऑगस्टला, मुंबईत वारले होते. अरविंद पाँडिचेरीस होते. आणि रासबिहारी घोष, ज्यांच्यामुळे लालाजींना ते आसन तेरा वर्षांपूर्वी मिळाले नव्हते, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांच्या हयातीचे जेमतेम सहा महिने उरले असताना, त्याच कलकत्ता शहरात राहत होते.